दोन मिनिटं सोडलेलं पाणी

४ ऑगस्ट

ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकलं नसशील तर पुढे वाच. अकरा वर्षांनी लिहितेय, तेही कामापुरतं. खुशाली विचारायचा हक्क मला राहिलेला नाही, तेव्हा ते नाटक करत नाही.

टुणीचे दुधाचे दात तू ठेवले होतेस. बटणांच्या डबीत, कापसात गुंडाळून. मला दाखवले होतेस आणि मी म्हटलं होतं, 'लेकीच्या दातांचं संग्रहालय काढतेस की काय?' त्यातले काही आहेत का अजून? असतील तर एक पाठव. शक्यतो पुढचा, न किडलेला. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या दातांची एक पाहणी चाललीय, त्यासाठी हवा आहे. बाकी काही नाही.

मी ठीक आहे. डिसेंबरात निवृत्त होईन. प्रयोगशाळा तू पाहिलीस तशीच. दूध, तेल, मसाले, पाणी, गावाच्या तोंडात जे जे जातं ते आधी आमच्या टेबलावरून जातं. दोन फ्रीज दिवसभर घरघरतात, तिसरा बंद पडलाय, त्यात आम्ही फायली ठेवतो. हाताखालची माणसं पाठीमागे मला 'दोन मिनिटं' म्हणतात. का ते तुला ठाऊक आहे. पाण्याचा नमुना घ्यायचा तर नळ दोन मिनिटं धो धो सोडायचा, तोटी ज्योतीने शेकायची, मगच बाटली भरायची. हा माझा नियम. एकोणीस वर्षं भिंतीवर चिकटवलेला आहे, कागद पिवळा पडला तरी नियम तोच.

गेल्या महिन्यात एक नवी नमुनेवाली आली, कर विभागातून बदलून. पस्तिशीची, फटकळ. पहिल्याच आठवड्यात बाईसाहेबांनी शाळेच्या नळाची बाटली सकाळी सातला गेल्या गेल्या भरून आणली, नळ न सोडता. का, तर म्हणे शाळेचा पहारेकरी ओरडला, पाणी वाया घालवू नका. मी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि बाटली ओतून द्यायला सांगितली. ते असो. तुला काय त्याचं.

दात पाठव. साध्या टपालाने नको, नोंदणी करून.

ताई


२१ ऑगस्ट

ठकू,

कार्ड मिळालं. 'कशाला हवाय? खरं सांग.' चार शब्द, खाली सहीसुद्धा नाही. शेवटी माझ्यावरच गेलीस.

बरं, खरं सांगते. दातांची पाहणी वगैरे काही नाही.

मी ओतून दे म्हटलेली ती बाटली ओतलीच गेली नाही. धातू मोजायच्या यंत्रावर एक जण बसतो, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्याहून दुप्पट मख्ख. त्या यंत्रवाल्याने ती आधीच रांगेत लावली होती. दुपारी कागद घेऊन आला. नुसतं आकड्यावर बोट ठेवलं. शिसं. एका लिटरमागे दहापर्यंत चालतं. मोजमापाचं नाव राहू दे, आकडा लक्षात ठेव. आले होते शहाऐंशी.

मी म्हटलं, बाटली घाण असेल. यंत्र बिघडलं असेल. नमुनेवालीने आत बोटं घातली असतील. तिला इतकं बोलले की ती रडली, आणि ती रडणाऱ्यातली बाई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वतः शाळेत गेले. पहारेकऱ्याला कुलूप काढायला लावलं. आदल्या दुपारपासून कोणी हात न लावलेल्या नळाखाली बाटली धरली. मग दोन मिनिटं नळ सोडला आणि दुसरी भरली. पहिली एक्याण्णव. दुसरी चार.

कळलं? नसेल कळलं तर सांगते, मलाच कळायला एकोणीस वर्षं लागली. जुन्या इमारतींना मुख्य वाहिनीपासून आतपर्यंत शिशाचे पाइप आहेत. पाणी रात्रभर त्यात उभं राहतं आणि शिसं त्यात उतरतं. सकाळी पहिला पेला जो भरेल त्याच्या पोटात ते जातं. आम्ही काय करत होतो? तेच पाणी दोन मिनिटं मोरीत सोडून देत होतो आणि मागून आलेलं ताजं पाणी तपासून 'पिण्यास योग्य' लिहीत होतो. जंतू शोधायचे तर हे बरोबर आहे, तोटीवरची घाण बाटलीत यायला नको. पण मी नियम केला की एकाच फेरीत दोन्ही बाटल्या भरायच्या, जंतूंची आणि धातूंची. फेरी वाचते म्हणून. केवढी माझी हुशारी!

शाळेमागची तुम्ही तेव्हा राहत होता ती वसाहत त्याच काळात बांधलेली.

टुणीच्या रक्तात आज फारसं काही दिसणार नाही, इतक्या वर्षांत ते निघून जातं. दातात मात्र त्या वेळचं तसंच राहतं. म्हणून दात हवा.

मी आमच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडे कागद पाठवलाय. सगळं रीतसर चाललंय, काळजी नको.

पाठवशील ना?

ताई


६ सप्टेंबर

ठकू,

दात पोचला. आत चिठ्ठी नव्हती, त्याचं काही नाही. पण पाकिटावरचा पत्ता तू लिहिलेला नाहीस. 'प्रयोगशाळा' तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय आणि तरी 'प्रगोयशाळा' झालंय. सतरा वर्षांची ना ती आता? टपालवाला हसून म्हणाला, 'कुणा लहान पोराने पाठवलंय वाटतं.' मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा सही न घेताच निघाला होता.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. दात तपासायचा म्हणजे आम्लात विरघळवावा लागतो, तो परत मिळत नाही. यंत्रवाल्याला मी नाव सांगितलं नाही, नुसता क्रमांक दिला. तुलनेसाठी त्याने स्वतःच्या नातीचा दात आणला होता, ती गावाबाहेरच्या नव्या घरात वाढलेली. दोन्ही दात तासाभरात गेले. नळीच्या तळाशी पाण्यासारखं काहीतरी उरलं. मी खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले.

नातीचा आकडा दीड. टुणीचा एकतीस.

आता ऐक. मी तुझ्याशी आणखी दोनदा खोटं बोलले.

साहेबांकडे कागद गेलेला नाही. तो माझ्या खणात आहे. तोंडी सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, 'अहो बाई, डिसेंबरात सुटताय. कशाला अंगावर ओढून घेताय? पाइप टप्प्याटप्प्याने बदलून टाकू ना. अहवाल म्हटला की मागचे सगळे दाखले बाहेर निघतात. ते कुणाच्या सहीचे आहेत?' माझ्या सहीचे. सगळेच्या सगळे. मी 'विचार करते' म्हणून खोलीत परत आले. शाळेत दोनशे चाळीस मुलं आहेत. ती रोज सकाळी नळावर रांग लावून पाणी पितात, आणि मी गेले सहा आठवडे विचार करतेय.

दुसरं खोटं त्याहून वाईट. दात मी पुराव्यासाठी मागितला नव्हता. तो कोरा निघावा म्हणून मागितला होता. कोरा निघाला असता तर स्वतःला म्हटलं असतं, बघ, पोरीला काही झालेलं नव्हतं, उगाच बाऊ केला. मग कागद खणातच राहिला असता. अशी आहे तुझी ताई.

आणि एक गोष्ट अशी की ती तू विसरली असशील या आशेवर मी होते. तू तक्रार केलीस, टुणीचं पोट दुखतं, चेहरा उतरलाय, येत असलेली अक्षरं विसरायला लागलीय, पाण्यातच काहीतरी आहे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला कशाला पाठवू, बहिणीचं घर आहे, मीच जाते. तुझ्या मोरीत उभी राहिले, नळ सोडला, घड्याळ बघत. तू म्हणालीस, 'अगं ताई, एवढं सोडून कोण पितं? टुणी उठते ती डोळे चोळत नळालाच तोंड लावते.' मी म्हटलं, 'नमुना कसा घ्यायचा ते आता तू मला शिकव.'

तू मला तेव्हाच सांगितलं होतंस गं. शाळा शिकलेली मी, आणि तुला कळलं ते मला कळलं नाही.

मग गावच्या सभेत 'पाणी पिण्यास योग्य' हा माझा दाखला वाचला गेला आणि मागच्या रांगांतून लोक हसले. तुझ्या नवऱ्याने घरी येऊन म्हटलं, 'सख्ख्या बहिणीनेच तोंडावर पाडलं, आता तरी हे खूळ सोड.' पुढे पोरीची हयगय केली म्हणून त्याने तुलाच दोष दिला आणि तू टुणीला घेऊन गाव सोडलंस. हे सगळं मी ऐकून होते. एका शब्दाने तुझी बाजू घेतली नाही. उलट मनात म्हटलं, जाऊ दे, डोक्याचा ताप गेला.

उद्या सकाळी कागद देतेय. उद्या म्हणजे उद्याच.

ताई


२९ सप्टेंबर

ठकू,

दिला. सात तारखेला, कार्यालय उघडल्या उघडल्या.

आमच्या अहवालात 'नमुना घेण्याची पद्धत' असा रकाना असतो, त्यात छापूनच येतं, 'नळ दोन मिनिटे सोडून'. ते खोडलं आणि वर हाताने लिहिलं, 'नळ न सोडता, सकाळचे पहिले पाणी'. खाली लिहिलं की धातूंबाबत या प्रयोगशाळेने दिलेला यापूर्वीचा एकही दाखला विश्वासाचा नाही. सही केली. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर घ्यायचा, माझ्या पायावर कशाला?'

हुकमाची वाट न बघता मी तडक शाळेत गेले आणि दोरीने सगळे नळ बांधून टाकले. मोठ्या बाई मागे मागे फिरत होत्या. 'अहो, पण तुमचाच दाखला आम्ही चौकटीत लावलाय की भिंतीवर!' तो त्यांच्याच हाताने उतरवून घेतला. मागे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

मुलांची रक्तं तपासतायत. पहिल्या साठांतल्या तेवीस जणांची मर्यादेबाहेर आली. आईबाप आमच्या फाटकाशी जमतात. ओरडतात, ते मी ऐकून घेते, ओरडायलाच हवं त्यांनी. एक बाई मात्र ओरडली नाही. कडेवर लहान मूल होतं. तिने शांतपणे विचारलं, 'तुम्ही तरी प्यायला असतात का हो हे पाणी?' मी म्हटलं, 'रोज पीत होते बाई. पण दोन मिनिटं सोडून.' तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली. मला स्वतःचीच शिसारी आली.

चौकशी लागली. परवापासून मला घरी बसवलंय. किल्ल्या यंत्रवाल्याकडे दिल्या. त्याने त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या आणि पहिल्यांदाच चार शब्द बोलला, 'बाई, जेवत चला वेळेवर.' नमुनेवाली काल घरी आली होती. कशाला आली असेल वाटतं? कबुली द्यायला! म्हणाली, 'पहारेकरी वगैरे कुणी ओरडलं नव्हतं. मला दोन मिनिटं उभं राहायचा कंटाळा आला होता.' मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. तिने माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन मला चहा करून दिला.

घरी बसवायच्या दोन दिवस आधी तुझ्या जुन्या घरी गेले होते. तिथे आता एक म्हातारा ड्रायव्हर आणि त्याची मुलगी राहतात. मोरी तीच, नळही तोच. सकाळचं पहिलं पाणी घेतलं. चौऱ्याहत्तर. त्यांना तिथून पाणी प्यायचं नाही असं बजावून आले. त्याचा अहवाल सोबत जोडलाय. वर तुझं नाव आहे आणि तुझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या तक्रारीचा क्रमांक. मी सही केलेला तो शेवटचा कागद.

तो लिहिताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, तू हा हातात घेशील आणि तुझ्या डोक्यावरचं इतक्या वर्षांचं ओझं उतरेल. कार्ड तरी टाक.

ताई


१७ ऑक्टोबर

टुणी,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस की लांब वाक्य वाचताना शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवते. म्हणून छोटी वाक्यं लिहितेय. अक्षरही मोठं काढलंय.

माझं मागचं पाकीट 'घेत नाही' असा शेरा मारून परत आलं. ते आईनेच न उघडता परत धाडलं, हे तुझ्यामुळे कळलं. तू तिला न सांगता लिहिलंस. बरं केलंस.

तू विचारलंस, 'मावशी, मी शिसपेन्सिल चावायचे. म्हणून माझ्यात शिसं गेलं का?' आई तसं म्हणते असंही लिहिलंस. 'माझ्या डोळ्यांदेखत चावायची, मी हिसकावून का नाही घेतली,' असं म्हणते. जेवत नाही. शिवणाच्या मशीनवर कापड तसंच पडलंय.

ऐक. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. कधीच नसतं. नाव तेवढं तसं पडलंय. आत असते ती कोळशाच्या जातीची काळी कांडी. तू पेन्सिलींचं दुकान खाल्लं असतंस तरी तुझ्यात शिसं गेलं नसतं. मी जन्मभर हेच तपासलंय. एवढं माझं ऐक. मी पत्रांत नळाचं लिहिलं होतं, पण आईने पेन्सिल धरून ठेवली. दोष स्वतःकडे घ्यायची तिला सवय लागलीय. ती सवय आम्ही लावली.

तू विचारलंस, ते निघेल का. बरंचसं आधीच निघून गेलंय. थोडं हाडांत राहील. पण तू लहान असताना त्याने जे नेलं, ते परत येत नाही. मला गोड बोलता येत नाही, टुणी. त्याला औषध नाही. असतं तर मी चालत घेऊन आले असते.

तू विचारलंस, मी ढ आहे का. नाही. पाच वर्षांची असताना तू माझ्या टेबलावर बसली होतीस. बाटल्यांवरची सगळी नावं तू वाचून दाखवलीस. न अडखळता. यंत्रवाल्याने तुला टाळ्या वाजवल्या. नंतर ती अक्षरं गेली. तू हरवली नाहीस ती. तुझ्याकडून ती नेली गेली.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, नुसती लिहिलीस. आई रडते आणि म्हणते, पाढ्यांसाठी मी मारलं हिला.

तिने त्याआधी तुला कधी बोट लावलं नव्हतं. तिने मला विचारलं होतं, टुणी अशी का विसरते? मी म्हटलं, पाणी चांगलं आहे. पोरगी लाडावलीय. दोन रट्टे दे, सुतासारखी सरळ येईल. ती नको म्हणाली. मी म्हटलं, मग पस्तावशील. दुसऱ्या दिवसापासून तिने मारायला सुरुवात केली.

हे मी आईला लिहिलेल्या एकाही पत्रात नाही. सगळं कबूल केलं आणि हे तेवढं वगळलं. चौकशीतही हे मला कुणी विचारणार नाही. म्हणून तुला सांगतेय.

आता एक काम कर. माझं पाकीट आई उघडणार नाही. तू तिच्यासमोर बस आणि खालचं मोठ्याने वाच. अडखळलीस तर अडखळ. शब्द चुकला तर मागे जाऊन परत वाच. ती थांब म्हणेल. थांबू नकोस.

ठकू,
पेन्सिलीत शिसं नसतं.
ते तुझ्या नळात होतं.
तू मला सांगितलंस, मी ऐकलं नाही.
पोरीला मारलंस ते माझ्या सांगण्यावरून. ते हात माझे होते.
माफी मागायची ती मी माझ्या तोंडाने मागेन, हिच्या नाही.
तू बरोबर होतीस.
सगळ्या गावात तू एकटीच बरोबर होतीस.
ताई